सुगंधाताईंचे हात

आमच्या शाळेतल्या एका शिक्षिकेच्या नातवाचं बारसं होतं. पाळणा फुलांनी सजवलेला, बायका गळा साफ करून गाण्याच्या तयारीत, आणि तेवढ्यात सुगंधाताई पाळण्याच्या डोक्याकडे गेल्या, कमरेचा किल्ल्यांचा जुडगा काढला आणि बाळाच्या कानामागे खळ्ळकन वाजवला. नुकतंच डोळा लागलेलं ते पोर दचकलं आणि टाहो फोडून रडायला लागलं. त्याची पणजी पेटलीच. सुगंधाताईंना त्याचं काही नव्हतं. त्या पाळण्याच्या दुसऱ्या बाजूला गेल्या, बाळ हुंदके देत शांत होईपर्यंत थांबल्या आणि पुन्हा जुडगा वाजवला. बाळाने मान वळवली. "दोन्ही कान हायत," असं जाहीर करून त्या सतरंजीवर येऊन बसल्या. त्या दिवशी त्यांच्यापुढे पेढ्याचं ताट काही आलं नाही. मी माझ्यातला अर्धा दिला.

हे बारशापुरतं असतं तर लोकांनी चालवून घेतलं असतं. पण शेअर रिक्षात, दवाखान्याच्या रांगेत, एसटीची वाट बघताना, जिथे तान्हं मूल दिसेल तिथे सुगंधाताई त्याच्या पाठीमागे जाऊन उभ्या राहायच्या. काही आया हसायच्या, काही पोर पदराआड घ्यायच्या, एकीने तर मूल पळवणारी समजून आरडाओरडा केला होता. भिवंडीच्या धामणकर नाक्याच्या मागच्या गल्लीत आता सगळे म्हणतात की बाई चांगली होती, शेवटी शेवटी जरा सटकली. मला त्याचा राग येतो. त्या सटकल्या नव्हत्या, आणि त्या आधी अशा नव्हत्या, एवढं तरी मला सांगता येईल.

त्या गल्लीतल्या अंगणवाडीच्या त्या सेविका. आमची शाळा नाक्याच्या पलीकडे, बऱ्यापैकी शांत रस्त्यावर, आणि त्यांची पोरं सहा वर्षांची झाली की माझ्या पहिलीत यायची. सुगंधाताई दिघाशीच्या. रोज सकाळी तिथून अंबाडीला यायचं, अंबाडीहून मिळेल त्या गाडीने भिवंडी, आणि नाक्यावर उतरलं की लूमवाल्यांच्या गर्दीतून वाट काढत गल्लीत. अंगाने काटकुळ्या, डोक्यात घरच्या चाफ्याचं एखादं फूल, खांद्याला कायम फुगलेली पिशवी. पिशवीत त्या त्या दिवसांत शेताच्या बांधावर जे काही उगवलं असेल ते, आणि ते अर्ध्या गल्लीत वाटून व्हायचं. गावाकडच्यांशी गावाकडचं बोलायच्या, माझ्याशी जरा सांभाळून, आणि गल्लीतल्या उत्तरेकडच्या बायांशी हिंदी, जिचं व्याकरण त्यांनी स्वतःच्या सोयीने करून घेतलं होतं.

अंगणवाडीची खोली म्हणजे लूमच्या, म्हणजे यंत्रमागाच्या, दोन कारखान्यांच्या मधली फट. दोन्हीकडच्या भिंती सामाईक. सकाळपासून खटखटाट सुरू व्हायचा तो भिंतीतून, फरशीतून, पाण्याच्या पिंपातूनसुद्धा यायचा. त्या गल्लीत नवीन आलेला माणूस ओरडून बोलतो आणि जुना बोलतच नाही. कारखान्यातले कारीगर चार लूम पलीकडच्या माणसाशी बोटांनी आणि भुवयांनी बोलतात. दोन बोटं कात्रीसारखी हलवली की तार तुटली, अंगठा ओठाला लावला की चहा, आणि मिशीला पीळ दिला की मालक आला. मालकाला मिशी नव्हती. ती त्याच्या वडिलांना होती, पण खूण कोण बदलणार.

पहिल्याच वर्षी ओरडून ओरडून सुगंधाताईंचा आवाज पार बसला. डॉक्टरांनी सांगितलं, काही महिने बोलू नका. बालवाडीच्या बाईला असं सांगणं म्हणजे लूमवाल्याला सूत वापरू नको म्हणण्यासारखं होतं. पण सुगंधाताई शेजारच्या कारखान्याच्या दारात उभ्या राहून कारीगरांचे हात बघत राहिल्या, आणि पोरांना हातांनी शिकवायला लागल्या. गाणं हातांनी, गोष्ट हातांनी, आकडे बोटांनी, राग भुवईने. खोलीला ओल यायची म्हणून जुन्या खोक्यांच्या फळ्या ठोकून पोरांसाठी बैठक केली होती. तिच्यावर टाच आपटली की सगळ्या पोरांच्या बुडाला धक्का बसायचा आणि माना एकदम वळायच्या. पुढे आवाज परत आला, पण ताईंनी हात सोडले नाहीत. मोठ्या मॅडम तपासणीला आल्या की या दृश्यावर खूश होऊन जायच्या. इतकी लक्ष देणारी मुलं त्यांनी पाहिली नव्हती म्हणे.

खरं सांगायचं तर मीही चिडवत असले तरी खूश होते. त्यांची पोरं पहिलीत यायची तेव्हा अक्षरं फारशी यायची नाहीत. एकदा मी म्हटलं, ताई, तुमची मुलं पाटीवर नुसती गाढवं काढतात. त्या म्हणाल्या, "गाढवाला चार पाय काढले हायत ना? मंग चारपत्तुर मोजता येतंय त्यास्नी." एक बाप मुलाला तीन वर्षांचा असतानाच इंग्रजी अक्षरं लिहायला लावून सगळ्यांना दाखवत फिरायचा. ताईंनी त्या मुलाच्या हातातून पेन्सिल काढून घेतली आणि ओंजळभर रिकाम्या कांड्या दिल्या. कांडी म्हणजे लूमच्या धोट्यात बसणारी सुताची नळी, रिकामी झाली की गल्लीभर पडलेली असते. ताईंच्या खोलीतलं सगळं शिक्षण या कांड्यांवर चालायचं. रंगाने वेगळ्या करायच्या, उंचीने लावायच्या, एकावर एक रचायच्या. बोटं वळली की लिहिणं आपोआप येतं, असं त्यांचं म्हणणं.

दर महिन्याला त्या आयांची सभा घ्यायच्या. कुठल्याशा प्रशिक्षणात त्यांना पडद्यावर मेंदूची रंगीत चित्रं दाखवली होती. जन्मलेल्या बाळाच्या मेंदूत जोडण्या कशा होतात, बोलण्याने, कुशीत घेण्याने, खेळण्याने त्या कशा पक्क्या होतात, आणि हे सगळं पहिल्या काही वर्षांत किती जोरात चालतं. ताई ते सगळं ऐकून आल्या आणि गल्लीत येईपर्यंत त्याचं भात करून टाकलं. राबात, म्हणजे भाजलेल्या वाफ्यात, रोप टाकलं, ते वितीएवढं वाढलं की उपटून चिखलात लावायचं, त्याला आमच्याकडे आवणी म्हणतात. "आवणीचं दिस गेलं," ताई सांगायच्या, "का मंग कितीबी पानी घाल, कितीबी खत घाल. रोप हिरवं ऱ्हातंय, दाना धरत न्हाय." उत्तरेकडच्या बायाही भातवाल्याच. त्यांना हे लगेच पटायचं. पदर तोंडाला लावून त्या माना डोलवायच्या आणि घरी जाऊन रडणाऱ्या पोराच्या हातात पुन्हा मोबाइल द्यायच्या. त्यांचा तरी काय दोष. एका हाताने कांड्या भरायच्या, दुसऱ्याने पोर धरायचं, तिसरा हात आणायचा कुठून.

त्यातलीच एक शबाना, नसीमची आई. नवरा शेजारच्याच कारखान्यात लूमवर आणि घर कारखान्याच्या माळ्यावर. म्हणजे नसीम जन्मली, रांगली, चालली ती लूमच्या डोक्यावरच. अंगणवाडीत आली तेव्हा तीनेक वर्षांची असेल. आणि पहिल्या दिवसापासून ती ताईंची लाडकी झाली. झाली नसती तरच नवल. हातांचं गाणं एकदा दाखवलं की तिला यायचं. दुसरी पोरं चुकली की ही पुढे जाऊन त्यांचे हात सरळ करायची. कांड्यांचा मनोरा तिच्याएवढा कुणाचा व्हायचा नाही, आणि टाच आपटली की सगळ्यात आधी मान वळायची ती नसीमची. मॅडम आल्या की ताई तिलाच पुढे उभी करायच्या. काहीही विचारलं की नसीम तोंडाकडे टक लावून बघायची, मग हसून मान हलवायची. मॅडमही हसायच्या.

बोलायची नाही. पण गल्लीत उशिरा बोलणारी पोरं काय कमी होती? घरात एक भाषा, गल्लीत दुसरी, अंगणवाडीत तिसरी, आणि सगळ्यांवर लूमचा खटखटाट. अशा घरचं पोर उशिरा बोलतं हे सगळ्यांना माहीत होतं. एकदा मीच तिथे असताना शबाना पोरीला न्यायला आली आणि दारात घुटमळली. ताईंच्या अगदी कानाशी येऊन तिने विचारलं, "दीदी, ये बोलती काहे नहीं?"

ताईंनी तिच्या पाठीवर थाप मारली. "बोलेगी. अभी हाथ बोलता है, फिर मुँह बोलेगा. इतना हुशार बच्चा मैंने देखा नहीं."

शबाना समाधानाने गेली. नंतर कधीतरी तिने पुन्हा विचारलं आणि ताईंनी पुन्हा तेच सांगितलं. मला ते तेव्हा अजिबात खटकलं नाही. बोलणाऱ्या माणसाचा चेहरा इतक्या विश्वासाचा होता की खटकण्याचा प्रश्नच नव्हता.

मग सुताचे भाव चढले, कापडाला उठाव नाही, अशी मंदीची ओरड झाली आणि मालकांनी मिळून काही दिवस लूम बंद ठेवले. भिवंडीत हे अधूनमधून होतंच. मी त्याच दिवसांत पहिलीत येणाऱ्या मुलांची नावं घ्यायला अंगणवाडीत गेले होते. गल्लीत शिरले आणि काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. कावळा ओरडलेला ऐकू येत होता, कुणाच्या तरी घरची फोडणी ऐकू येत होती. कारीगर ओट्यावर बसून पत्ते खेळत होते आणि सवयीने खुणांनीच बोलत होते.

सुगंधाताई मुलीसारख्या खुशीत होत्या. म्हणाल्या, बसा बाई, आज मी पोरांशी बोलनार हाय. त्यांच्याकडे आईकडून आलेली एक गोष्ट होती, बांधातल्या खेकडीची. पाऊस येतो, शेत भरतं, खेकडीचं बीळ बुडतं आणि ती पिल्लं पोटाशी धरून बेडकाला विचारते, बगळ्याला विचारते, माझं घर कुठे गेलं. ही गोष्ट पोरांनी हातांनी कितीदा तरी बघितली होती. दोन्ही हातांच्या नांग्या करून ताई फळ्यांवर तिरक्या तिरक्या चालायच्या. आज मात्र त्या खाली बसल्या, हात मांडीत घेतले आणि हळू आवाजात सुरुवात केली. इतकी वर्षं ओळख असून त्यांचा खरा आवाज मी तेव्हाच नीट ऐकला. घोगरा आणि फार गोड होता. पोरं तोंड उघडं टाकून ऐकत होती.

नसीम सगळ्यात पुढे बसली होती आणि ताईंच्या मांडीकडे बघत होती. थोड्या वेळाने ती उठली. ताईंचे दोन्ही हात तिने मांडीतून उचलले, वर धरले आणि जोरजोरात हलवले. बंद पडलेलं यंत्र चालू करून बघावं तसं. मग ती खाली बसली आणि वाट बघायला लागली.

पोरं हसली. ताई पण हसल्या, आणि हसता हसता थांबल्या. त्यांनी नसीमला उठवून दाराकडे तोंड करून बसवलं, हातात कांड्या दिल्या. स्वतः फळ्यांवरून उतरून साध्या फरशीवर, पार मागच्या भिंतीशी गेल्या. "नसीम," त्यांनी हाक मारली. मग पुन्हा मारली. मग त्या ओरडायला लागल्या. त्या शांत गल्लीत तिचं नाव इतक्यांदा आणि इतक्या मोठ्याने गेलं की पत्ते टाकून कारीगर दारात गोळा झाले, माळ्यावरून शबाना धावत खाली आली. नसीम हिरव्या कांड्या एका बाजूला आणि पिवळ्या दुसऱ्या बाजूला लावत होती. दारात इतकी माणसं बघून ती हसली आणि तिने मान हलवली.

मुंबईच्या मोठ्या दवाखान्यात आम्ही तिघी गेलो. शबाना, ताई आणि लिहिण्यावाचण्याला मी. कानाला यंत्रं लावून, झोपवून, पुन्हा पुन्हा बोलावून त्यांनी सगळं तपासलं. पोर जन्मापासूनच बहिरी होती. डॉक्टर तरुण होती, चांगली होती. तिने कागदावर चित्र काढून समजावलं की आवाज आलाच नाही तर मेंदूचा आवाजासाठी असलेला भाग रिकामा बसून राहत नाही, तो डोळ्यांच्या, हातांच्या कामाला लागतो. म्हणून तर ही इतकी चलाख आहे. यंत्र देऊ, शस्त्रक्रियाही असते, पण आता या वयात बोलणं कितपत येईल सांगता येत नाही. मग कागद घडी करता करता ती म्हणाली, थोडं आधी आणायला हवं होतं. तिच्या बोलण्यात कुणाला दोष देणं नव्हतं. ती फक्त खरं सांगत होती. शबानाने माझ्याकडे बघितलं, आणि मी त्याचं हिंदी केलं नाही. तिला ते कळलंच होतं.

परत नाक्यावर उतरलो, शबाना पोरीला घेऊन पुढे गेली. ताईंनी रस्ता ओलांडायला माझा दंड धरला आणि फक्त म्हणाल्या, "आवणी." त्या दिवसानंतर आयांच्या सभेत त्यांनी भाताचं ते उदाहरण पुन्हा कधी दिलं नाही. बायाच कधी आठवण करून द्यायच्या तेव्हा त्या विषय बदलायच्या.

मी त्यांना खूप समजावलं. जन्मतः कान तपासायला कुणी आलं होतं का, मॅडमना कळलं का, मला कळलं का. त्या ऐकून घ्यायच्या. एकदाच म्हणाल्या, "बाई, तिला मी समद्यांम्होरं नाचवली. तिचं बहिरंपन मी नाचवलं." मी चहा गाळत होते, तो गाळत राहिले.

कुणीतरी उदार माणसाने कानाचं यंत्र मिळवून दिलं. ताईंनी ते नसीमच्या कानात बसवलं तेव्हा लूम पुन्हा सुरू झाले होते. यंत्राला माणसाचा आवाज आणि लूमचा आवाज यातला फरक काय कळणार. त्याने लूमच मोठे केले. पोर किंचाळली, यंत्र उपटून फेकलं आणि दिवसभर फळ्यांखाली लपून बसली. डॉक्टरांनी सांगितलं होतं की शांत घरात सवय करा. शबाना म्हणाली, शांत घर कहाँ है दीदी? ताईंनी मायलेकींना दिघाशीला स्वतःच्या घरी ठेवायची तयारी दाखवली, पण काम सोडून दोघींनी राहायचं कसं, आणि पोरीला एकटी कोण पाठवेल. मग ताई रोज दुपारी पोरं गेल्यावर नसीमला मांडीवर घेऊन बसायच्या. तिचा हात स्वतःच्या गळ्याला लावायच्या आणि "आ" म्हणायच्या. मग तिच्या गळ्याला हात लावून तिला म्हणायला लावायच्या. नसीमला त्या थरथरण्याची गंमत वाटायची. तिच्या तोंडून काहीतरी निघायचं, कधी घुमल्यासारखं, कधी वासराने हंबरल्यासारखं. ताई प्रत्येक वेळी माझ्याकडे बघायच्या. मी खोटं हसायचे.

"आ"च्या पुढे गाडी गेली नाही. पण ताई हटणाऱ्या नव्हत्या. तोंड चालत नसेल तर हात चालवू म्हणाल्या. लूमच्या खुणा संपल्या तेव्हा दोघींनी स्वतःच्या काढायला सुरुवात केली. आईची वेगळी, ताईची वेगळी, माझी तर चष्म्याची होती. भूक, ताप, राग, उद्या. उद्याची खूण म्हणजे तळहात गालाला लावून झोपायचं आणि मग मुठीतून सूर्य वर काढायचा. एखाद्या दुपारी मी गेले तर दोघी समोरासमोर बसून इतक्या भराभर हात चालवत असायच्या की मला दारातच थांबावंसं वाटायचं. नसीम खिदळायची, हुज्जत घालायची, गोष्टीतल्या खेकडीला स्वतःच्या मनाने नवीन घर द्यायची. तिच्या डोक्यात किती काय काय होतं ते तेव्हा कळलं. आणि ते सगळं एका माणसापाशी सांगता येत होतं. मला ते बघून भरून यायचं आणि भीतीही वाटायची.

ती पहिलीत आली आणि माझ्याकडून काहीच झालं नाही. वर्ग भरलेला, माझे हात फळ्याला, तोंड मुलांना. मी पाठ फिरवली की ती जगातून तुटायची. बहिऱ्या मुलांची शाळा दुसऱ्या गावात होती, राहायची सोय होती. तिथे खरी भाषा शिकवतात, खूप माणसांशी बोलता येईल अशी. ताई स्वतः जाऊन बघून आल्या, बाकीच्या मुलींचे हात बघून आल्या, आणि नसीमच्या बापाच्या मागे लागल्या. लूमच्या दारात उभं राहून त्या त्याला खुणांनी समजावायच्या आणि तो लूमवरून नाही म्हणून मान हलवायचा. मुलगी एकटी लांब ठेवायची त्याची छाती होत नव्हती. हळूहळू मात्र तो वळला. जूनमध्ये पाठवू म्हणाला.

जून येण्याआधीच पुन्हा मंदी आली, आणि या वेळी मालकाने लूम बंद न ठेवता भंगारात काढले. कारखान्याच्या जागी गोदाम होणार होतं. माळा रिकामा करा, असं कारीगरांना सांगितलं. नसीमच्या बापाने गावी जायचं ठरवलं. ताईंनी त्याला खूप विनवलं. पोर तेवढी ठेवून जा म्हणाल्या, मी बघते, शाळेत मी घालते. तो हात जोडून म्हणाला, "दीदी, बच्ची छोड़ के कौन जाता है?" त्याचंही खोटं नव्हतं.

ते गेले त्या सकाळी ताईंची गाडी कुठेतरी अडकली. मी नाक्यावर त्यांची वाट बघत होते. त्या धावत आल्या तेव्हा सामानाने भरलेली रिक्षा रस्त्याच्या पलीकडे सुटायच्या बेतात होती आणि मधे ट्रक, टेम्पो, माणसं, हॉर्न. ओलांडायला वाव नव्हता. बोचक्यांवर बसलेल्या नसीमने ताईंना बघितलं. त्या गोंधळात नाक्यावरच्या कुणालाच कुणाचं ऐकू जात नव्हतं, आणि त्या दोघी एवढ्या रुंद रस्त्यावरून बोलत होत्या. नसीमने गालाला तळहात लावला, मूठ वर केली. ताईंनी मान हलवली. पुन्हा तिने तेच विचारलं, पुन्हा ताईंनी मान हलवली. रिक्षा कल्याणच्या बाजूला वळली.

"उद्या का म्हनून इचारत व्हती," ताई म्हणाल्या. "मी व्हय म्हनलं." मग म्हणाल्या, "लांब जानं, परत न येनं, ह्याला आमच्याकडं खूनच न्हवती बाई. कवा लागलीच न्हाय."

नसीमच्या बापाचा फोन काही दिवस लागला, मग बंद झाला. गावाचं नाव होतं, त्या नावाची तिकडे कितीतरी गावं निघाली. ताईंनी किल्ल्यांचा जुडगा वाजवायला सुरुवात केली ती यानंतर. आपल्या अंगणवाडीतल्या सगळ्या पोरांवर, मग गल्लीतल्या, मग रस्त्यावरच्या. मॅडमनी समजही दिली. लोकांना वाटायचं ताई काहीतरी शोधतायत. मला तसं वाटत नाही. प्रत्येक बाळाने मान वळवली तरी त्यांच्या चेहऱ्यावर समाधान यायचंच नाही, मी नीट बघितलंय.

त्या निवृत्त होऊन दिघाशीला गेल्या. परवा एका लग्नासाठी वाड्याला निघाले होते, तर अंबाडीच्या नाक्यावर एसटी थांबली आणि खिडकीतून सुगंधाताई दिसल्या. अजून काटकुळ्या झाल्यात. भाजीची पिशवी, डोक्यात चाफा. पुढे एक बाई खांद्यावर पोर टाकून उभी होती, आणि ताई तिच्या पाठीमागे जाऊन कमरेला हात घालत होत्या. पोराने मान वळवली. ताईंनी जुडगा परत खोचला आणि वर बघितलं, तशी मी दिसले.

त्या लगबगीने खिडकीपाशी आल्या. काच घट्ट बसलेली, मी जोर लावला तरी सरकेना. ताई बाहेरून काहीतरी सांगत होत्या, ड्रायव्हरने इंजिन सुरूच ठेवलं होतं, शेजारी जीपवाला गिऱ्हाइकांना ओरडत होता. मी कानाला हात लावून मान हलवली, ऐकू येत नाही. तेव्हा त्यांनी पिशवी खाली ठेवली आणि हात वर केले.

खेकडीची नांगी मी ओळखली. गालाला लावलेला तळहात ओळखला. त्यानंतर मात्र हात भराभर चालायला लागले. काहीतरी मोठं होतं, महत्त्वाचं होतं, त्या पुन्हा पुन्हा एकाच ठिकाणी येत होत्या आणि माझ्या तोंडाकडे बघत होत्या. नसीमबद्दल काही कळलं असेल, की काहीच कळलं नाही हे सांगत असतील, की गोष्टच सांगत असतील. ती भाषा येणारं जगात दुसरं एकच माणूस होतं. गाडी हलली. मला काय करावं कळेना, मी हसले आणि मान हलवली.

ते मान हलवणं सुगंधाताईंनी ओळखलं. त्यांचे हात मधेच थांबले, आणि त्यांनी वाकून खालची पिशवी उचलली.